पेन्सिलची बाजू

पायरीवर बाबांच्या चपला होत्या तिथेच होत्या, पण त्यांच्या शेजारी आणखी एक जोड होता. निळ्या पट्ट्यांचा, रबरी, टाचेला झिजलेला, कडेने लाल माती वाळलेला. शनिवारची सकाळची शाळा आटोपून मी फाटकाची कडी उचलली तेव्हा तो दिसला, आणि कडी हातातून सुटून खाली पडेपर्यंतच्या एवढ्याशा वेळात मी गृहीत धरलं की बाबांकडे कुणीतरी शिकायला आलं आहे, चहाचं पाणी जास्त ठेवावं लागणार. हे मनाने आपलं आपण केलं. बाबांना जाऊन तीन महिने झाले होते. त्या तीन महिन्यांत मी एकटीपुरता भात लावायला शिकले होते, वर्तमानपत्र मनातल्या मनात वाचायला शिकले होते. चपला मात्र उचलायच्या राहिल्या होत्या. व्हरांड्यात एक मुलगी बसली होती. बाबांची खुर्ची रिकामी असून ती जमिनीवर बसली होती आणि मला बघून घाईने उठताना तिने खुर्चीला धक्का लागू दिला नाही, हेही मी पाहिलं. "बाई, मी शेवंती. आंबोलीची. बाराव्याक इल्लंय, मागे बसलंय, तुमी बघूक नसशात." मी खरंच पाहिलं नव्हतं. त्या दिवशी मी भाताच्या पिंडाकडे आणि कावळा कुठे बसतो त्याकडेच बघत होते. तिने पिशवीतून प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेलं एक पोस्टकार्ड काढलं आणि माझ्यापुढे धरलं. ते बाबांचं अक्षर होतं.

अक्षर ओळखण्यात चूक होणं शक्य नव्हतं, तरी मला ते ओळखायला वेळ लागला. चाळीस वर्षं फळ्यावर लिहिलेलं ते अक्षर, पट्टी न लावता सरळ ओळीत जाणारं, त्या कार्डावर उतरणीला लागल्यासारखं खाली आलं होतं आणि दुसरी ओळ पहिलीच्या अंगावरून गेली होती. 'चि. शेवंती, इन्फ्रारेडची वही दिवाळीनंतर पुरी होईल. फेब्रुवारीत येऊन घेऊन जा. परीक्षा होईपर्यंत तुझ्याकडे ठेव, मग पुढच्याला दे.' खाली सही, आणि सहीचा शेवट कार्डाच्या कडेवरून बाहेर गेलेला. तारीख ऑक्टोबरातली. प्रवासात, बसमध्ये लिहिलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. "सापडली काय वही?" तिने विचारलं. वही माझ्या खांद्याच्या पिशवीत होती. गेले तीन महिने ती तिथेच होती. मी ती शाळेत न्यायची आणि परत आणायची, उघडायची नाही. जेवणाच्या डब्याशेजारी तिचं वजन असलं म्हणजे पुरे. मी पिशवीचा पट्टा दुसऱ्या खांद्यावर घेतला आणि म्हटलं, "अजून नाही सापडली. शोधून ठेवते."

"सापडतली," ती म्हणाली. मला धीर दिल्यासारखं. "सर वस्तू खंय्य टाकणारे न्हय."

मी चहा केला. पाणी दोनच कप ठेवलं. तिने कप दोन्ही हातांत धरला आणि विचारल्याशिवाय काही बोलली नाही, म्हणून मीच विचारत गेले, कारण गप्प बसलं की पिशवीतली वही ऐकू येईल असं काहीतरी मला वाटत होतं. बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष, परीक्षा एप्रिलात. बाबांनी तिला पहिल्या वर्षाला शिकवलं होतं, ती त्यांची निवृत्तीआधीची शेवटची तुकडी. पुढेही ती कधी रविवारी शंका विचारायला यायची. कॉलेजात पुस्तक नाही का, म्हणून विचारलं, तर म्हणाली, "एक आसा. इंग्रजी. ता घराक देणत नाय, थंयच बसान वाचूचा. आणि माझी गाडी चारची. एक पान कळापर्यंत गाडी सुटता." मग कप खाली ठेवून, माझ्याकडे न बघता म्हणाली, "सप्टेंबरात सरांनी माका वहीतली दोन पानां उतरून घेवक दिल्यानी. ॲसिटोनाचा आणि दुसरा एक. मी पाठ केलंय. पूर्वपरीक्षेत तीच आकृती इली, सरांनी दिल्ली तशीच काढलंय, तर मास्तरांनी पुऱ्या पानार फुली मारल्यानी. सरांचा चुकूचा नाय. माझ्याच टकलेत उतरूक नाय." औंदा राहिली तर वडील पुढे शिकवणार नव्हते. आंबोलीला रस्त्याच्या कडेला त्यांचं चहाभज्यांचं दुकान होतं, तिथे बसायला माणूस हवंच होतं. हे तिने तक्रार म्हणून सांगितलं नाही, गाडीची वेळ सांगावी तसं सांगितलं. पुढच्या शनिवारी येते म्हणाली. निघताना तिने चपला घातल्या तेव्हा बाबांच्या चपला थोड्या सरकल्या होत्या, त्या वाकून जागच्या जागी नीट लावल्या.

ती गेल्यावर मी पहिल्यांदा वही उघडली. मी खोटं का बोलले याचं उत्तर मला माहीत होतं, आणि ते फार साधं होतं: बाबांच्या हातचं पुष्कळ काही घरात होतं, पण इतकं सलग दुसरं काही नव्हतं. पत्रं तुकड्यातुकड्याने असतात. ही दोनशे पानं होती. खाकी पुठ्ठ्याची लांब वही, मजकूर फक्त उजव्या पानावर. डावं पान कोरं. पहिल्याच पानावर त्याचा खुलासा होता, 'डावं पान वाचणाऱ्याचं आहे. शंका तिथे लिहाव्या.' निवृत्त झाल्यावर बाबांनी हे काम काढलं. वर्णपटावरून रेणू ओळखायचा विषय अभ्यासक्रमात होता, पण ते यंत्र जिल्ह्यात कुणी पाहिलेलं नव्हतं, बाबांनीही नव्हतं. मुलं मराठी शाळांतून आलेली. इंग्रजी पुस्तकातल्या वेड्यावाकड्या रेघा बघून त्यांची तोंडं उतरत. तेव्हा बाबा महिन्यातून एकदा पहाटेची गाडी पकडून बांद्यावरून पणजीला जात. तिथल्या एका ग्रंथालयात वर्णपटांचा एक जाड संग्रह होता, बाहेर न्यायला मनाई. बाबा त्यातल्या आकृत्यांवर ट्रेसिंग पेपर ठेवून बारीक पेन्सिलीने रेघ उतरवून घेत. झेरॉक्समध्ये बारीक रेघ मरते, असं त्यांचं म्हणणं. परतताना ते कागद वेताच्या नळीत घालून आणत. बांद्याच्या नाक्यावर गोव्याहून येणाऱ्या पिशव्या तपासत, बाटल्यांसाठी. एकदा तिथल्या पोलिसाने ती नळी उघडायला लावली. "ह्यो कसलो नकाशो, मास्तर?" "नकाशो न्हय रे. ॲसिटोन." "पितत काय?" "पिल्यार परत नाक्यार येवचो नाय," बाबा म्हणाले, आणि पोलिसाने त्यांना कडेच्या टपरीवर चहा पाजला. ही हकीकत बाबांनी इतक्यांदा सांगितली होती की शेवटी शेवटी पोलिसाच्या जागी फौजदार आला होता.

घरी आल्यावर रेघ वहीत डकवायची, तिच्याखाली आकड्यांची पट्टी आखायची, मग त्याच पानावर खाली साध्या मराठीत समजावून लिहायचं. आणि पान पुरं झालं की संध्याकाळी व्हरांड्यात मला वाचून दाखवायचं. तुला समजलं तर कुणालाही समजेल, असं ते म्हणत. मी मराठी शिकवणारी, शास्त्र अकरावीला सोडून दिलेली, तेव्हा परीक्षेला मी योग्यच होते. ते वाचत. मी निबंधाच्या वह्या तपासत असे, किंवा मांडीवर कादंबरी असे. वाचून झालं की विचारत, "समजलं?" मी म्हणे, "समजलं." मग ते निळ्या पेन्सिलीने पानाच्या तळाला 'का.' असं लिहून पुढे बरोबरची खूण करत. का. म्हणजे कावेरी. आता वही चाळताना प्रत्येक पानाखाली माझं नाव होतं. मी एकही पान ऐकलं नव्हतं. हे अगदी तंतोतंत खरं नाही. आवाज ऐकला होता. आवाजाची चाल, खोकण्याच्या जागा, 'म्हणजेच' म्हणताना वर जाणारा सूर, हे सगळं मला आजही काढून दाखवता येईल. शब्द मात्र एकही आत गेला नव्हता. मी पुष्कळ वाचते, असं लोक म्हणतात. वाचनालयातल्या बाई नवीन पुस्तक आलं की माझ्यासाठी बाजूला ठेवतात. रशियातल्या कुठल्या गावी बर्फात कोण कसं मेलं ते मला माहीत होतं, आणि माझ्यापासून चार हातांवर बसलेला माणूस मला जे समजावं म्हणून पहाटेच्या गाडीने पणजीला जात होता, त्याला मी दोन वर्षं 'समजलं' म्हणत होते.

पुढच्या आठवड्यात मी वही वाचली. मोकळ्या तासाला, मधल्या सुट्टीत, सायंकाळी तलावाच्या कठड्यावर बसून. एका जागी फार वेळ बसवत नव्हतं. दोन पानं झाली की उठून चालायचं, तलावाला अर्धा फेरा घालायचा, परत बसायचं. आणि नवल म्हणजे मला समजत होतं. रेणूतले अणू एकमेकांना स्प्रिंगने बांधल्यासारखे असतात, बाबांनी लिहिलं होतं, प्रत्येक स्प्रिंगची हलायची आपली आपली गती. आपण त्यांच्यावर न दिसणारा उजेड सोडतो. ज्या स्प्रिंगला जो उजेड मानवतो तेवढाच ती गिळते, बाकीचा पलीकडे जातो. 'जिथे उजेड गिळला गेला तिथे कागदावर खड्डा पडतो. इंग्रजी पुस्तकात या खड्ड्याला शिखर म्हणतात. घाबरू नये. पुस्तक लिहिणारे वरून बघतात, आपण खालून.' मी तलावाच्या काठावर एकटीच हसले. एक पेन्शनर गृहस्थ वळून बघून गेले. डावीकडे तीन हजारांच्या पुढे रुंद पसरट खड्डा दिसला तर तो अल्कोहोल, 'पंगतीत मांडी पसरून बसलेल्या माणसासारखा, शेजाऱ्याची जागा खाणारा.' सतराशेजवळ अरुंद, खोल, विहिरीसारखा खड्डा दिसला तर तो कार्बन आणि ऑक्सिजनचा दुहेरी बंध. 'हा सापडला की अर्धा पेपर सुटला.' आपण इतकं चांगलं मराठी लिहितो हे बाबांना ठाऊक होतं का? मला ठाऊक नव्हतं. मी त्यांना वाचायला कादंबऱ्या आणून देत असे.

गुरुवारी मी ॲसिटोनच्या पानावर आले. मजकुरात सतराशेजवळची खोल विहीर म्हटलं होतं. आकृतीत सतराशेपाशी काही नव्हतं. खोल खड्डा होता तो डावीकडे एकोणतीसशेला. मी पुन्हा वाचलं. आकडे तपासले. मला वाटलं, इतके दिवस समजतंय असं नुसतं वाटत होतं, मुळात काहीच समजलेलं नाही. कानशिलं तापली, शाळेत गणिताच्या तासाला तापायची तशी. पुढचं पान काढलं. तिथे मांडी पसरलेला माणूस उजव्या टोकाला जाऊन बसला होता. मग मला शेवंतीचं वाक्य आठवलं. सरांचा चुकूचा नाय. मी शिक्षकखोलीत होते, समोर रजिस्टरं आणि पाण्याचा माठ, बाहेर पाचवीची मुलं पाढे म्हणत होती. आकृतीवरून बोट फिरवलं. ट्रेसिंगचा कागद गुळगुळीत लागला. मागे चाळत गेले, पहिल्या पानांवरच्या रेघांवरून बोट फिरवलं, तर बोटाला शिसाची करडी धूळ लागली. पुन्हा ॲसिटोन. बोट स्वच्छ. रेघ कागदाच्या वर नव्हती, खाली होती. मी वही उचलून खिडकीशी नेली, ते एक पान उन्हात धरलं आणि मागच्या बाजूने बघितलं. विहीर उजवीकडे आली होती, इतर पानांच्या पट्टीवर सतराशे असतात त्या जागी.

कागद उलटा डकवला होता. पेन्सिलची बाजू खाली.

दोनशे पानांत असं किती आहे ते मी त्याच दिवशी काढलं. अंगठ्याने. दुसरा तास मी मुलांना वाचायला सांगून टेबलाखाली वही धरून एकेका आकृतीवरून अंगठा फिरवत बसले. पहिल्या साठ पानांत एकही नाही. एकसष्टाव्याला पहिली, मग मध्ये पाचसहा नीट, मग दोन उलट्या, मग नीट, आणि शेवटच्या तीस पानांत जवळजवळ निम्म्या. म्हणजे कागद हातात जसा येईल तसा डकवला होता, सरळ पडला तर नशीब. प्रत्येक पानाच्या डोक्यावर तारीख होती. एकसष्टावं पान जूनमधलं, शाळा उघडल्यानंतरच्या आठवड्यातलं. आणि मग तारखेच्या मागून एकेक गोष्ट यायला लागली, कुणी न बोलावता. जूनमध्ये बाबा म्हणाले, पेपर तू वाच, तुझा आवाज बरा आहे. मला बरं वाटलं होतं. कपात चहा ओतताना त्यांनी बोट आत घालायला सुरुवात केली. मी म्हटलं, बाबा, हे काय, आणि ते म्हणाले, किती गरम आहे ते बघतो. स्टँडवर ते गाडीची पाटी न वाचता कंडक्टरला विचारायला लागले. रात्रीच्या जेवणात माशाचा काटा ते जिभेने शोधत. साखरेचा त्रास त्यांना बारा वर्षं होता, आणि साखर डोळ्यांवर जाते हे मला माहीत होतं. पुस्तकात वाचलेलं होतं. मी लहान असताना मालवणच्या धक्क्यावर बसून क्षितिजावरची होडी कुणाची ते शिडावरून सांगणारा माणूस हा. डोळ्यांचं त्यांनी मला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पणजी बंद झाली असती, आणि मी ती बंद केली असती, हे त्यांना बरोबर समजलं होतं. पण एक गोष्ट ते दर वेळी सांगत होते. आधी नुसतं 'समजलं?' विचारायचे, जूननंतर वही माझ्याकडे वळवून म्हणायचे, "चित्र बघ जरा. ठीक आलंय ना?" मी निबंधाच्या वहीवरून डोळे न उचलता म्हणायचे, "बघितलं." निळी खूण. का.

बघितलं असतं तर मला तरी काय कळलं असतं, असं मी स्वतःशी म्हणून पाहिलं. ते खरं होतं आणि त्याचा काही उपयोग नव्हता. डोळे वर केले असते तर चित्र नाही तर निदान वही धरणारा माणूस दिसला असता.

शुक्रवारी दुपारी मी ॲसिटोनचा कागद सोडवायला बसले. ओल्या फडक्याने कडा भिजवल्या. बाबा काजूच्या झाडाचा डिंक वापरत, त्याला कसर लागत नाही म्हणून. तो पाण्याने सुटतो. एक कोपरा सुटला, दुसरा सुटला, तिसऱ्याला ट्रेसिंगचा कागद बोटभर फाटला आणि भिजलेल्या जागी निळी खूण पसरली. मी हात काढून घेतला. अशा चाळीस आकृत्या होत्या. सगळ्या सोडवायच्या म्हणजे वही फाडायची. न सोडवता द्यायची म्हणजे त्या मुलीला आणखी चाळीस फुल्या द्यायच्या. आणि द्यायचीच नाही तर एप्रिलात ती दुकानात बसणार होती, सरांचं बरोबर असून आपल्याच डोक्यात उतरलं नाही असं समजून, जन्मभर. आणि वही देऊन नुसतं सांगायचं? बाबांना दिसत नव्हतं, हे वाक्य मी अजून कुणापुढे उच्चारलेलं नव्हतं. शनिवारी साडेबाराला शाळा सुटली आणि मी घरी गेले नाही. शिक्षकखोलीत बसून राहिले, मग तलावाच्या पलीकडच्या बाजूने चालत राहिले, खेळण्यांच्या दुकानांसमोरून, लाकडाच्या रंगीत फळांच्या परड्या बघत, ज्या मी जन्मापासून बघत आले आहे. चारची गाडी गेल्याचा अंदाज घेऊन घरी आले. पायरीवर लाल माती पडली होती, ओली नाही, नुसती छोट्या ठशांची. बाबांच्या चपला सरळ लावलेल्या. खुर्चीवर शाळेच्या वहीच्या कागदातली पुडी होती. आत काजूचा डिंक, मधाच्या रंगाचे पाचसहा खडे, आणि कागदावर पेन्सिलीने: 'माझ्या बाबांनी दिला. सरांका दर वर्साक देतत म्हणान. वही सापडली तर कडा उकलल्या असतीत त्याक लावा.'

रविवारी सकाळी पहिल्या गाडीने मी आंबोलीला गेले. घरात राहवलं नाही, एवढंच त्याचं कारण. दाणोलीच्या पुढे घाट सुरू झाला तशी गाडी गिअर बदलून कण्हायला लागली. काजूला मोहोर होता, खिडकीतून त्याचा तुरट वास येत होता. वही मांडीवर उघडी, आणि दर वळणाला ऊन एका पानावरून दुसऱ्या पानावर जात होतं. घाट बाबांना आवडत नसे. समुद्राकडचा माणूस, वर चढलं की कान बंद होतात म्हणत. मी काय बोलायचं ते जुळवत होते. बाबांचे डोळे. नाही, आधी वही. आधी वही सापडली म्हणायचं, की सापडलेलीच होती म्हणायचं? एकेक वाक्य मी तोंडात धरून बघत होते, निबंधातलं चुकीचं वाक्य दुरुस्त करताना बघतात तसं, आणि प्रत्येकाखाली लाल रेघ येत होती.

दुकान स्टॉपच्या समोरच होतं. चुलीपुढे शेवंतीची आई, राधाबाई, कांदा चिरत होती. माझं नाव ऐकताच तिने विळी आडवी केली. "अगो बाय, सरांचा चेडू! शेवत्या, बाहेर ये गो, तुझी बाई इली. बसा. भजी खातलास मा? तुमचे बापूस एकदा इल्ले, धा भजी खाल्ल्यानी आणि म्हणाले, घराक सांगू नका. माका म्हणाले, कढय किती तापली ता तू कसा ओळखतंस? मी म्हटलंय, वासान. तर म्हणाले, बरा आसा, माका पण आता वासानच ओळखूक होया." ती हसली. मी पण हसल्यासारखं केलं. "कधी आले होते?" मी विचारलं. "गणपतीनंतर. डिंक न्हेवक." म्हणजे सप्टेंबर. एका अनोळखी बाईला त्यांनी भज्यांच्या कढईपुढे सांगून टाकलं होतं.

शेवंती हात पुसत बाहेर आली. वही बघून तिचा चेहरा उजळला. मी आधी ठरवलेलं काहीच बोलले नाही. म्हटलं, "वही सापडली नव्हती असं नाही. माझ्याजवळच होती. त्या दिवशीही, पिशवीत. द्यावीशी वाटत नव्हती. आणि काल मी मुद्दाम घरी आले नाही."  राधाबाईने पुन्हा हाती घेतलेला कांदा खाली ठेवला. "आणि तुझं पूर्वपरीक्षेत काही चुकलं नव्हतं. चित्र उलटं डकवलंय. अशी चाळीस आहेत. बाबांना दिसत नव्हतं. जूनपासून. मला विचारायचे, चित्र ठीक आहे का म्हणून. मी न बघता होय म्हणत होते." एवढं सलग बोलून मी थांबले. समोरून कोल्हापूरची गाडी गेली आणि तिची धूळ आमच्यात उतरायला वेळ लागला.

"उल्टा म्हणजे कसा?" शेवंतीने विचारलं. मी ॲसिटोनचं पान काढलं. तिने फाटलेला कोपरा पाहिला, ओल्या डागावरून हलकेच बोट नेलं. "ह्यां तुमी केलास?" "सोडवायला गेले." "सोडवूचा कित्याक?" ती म्हणाली, आणि वही घेऊन दुकानाच्या बाहेर उन्हात गेली. ते पान बाकीच्या वहीपासून वेगळं करून तिने सूर्याकडे धरलं, मागच्या बाजूने. बराच वेळ बघत राहिली. मग परत आली, आईच्या फळीवरून कपबश्या बाजूला केल्या, आतून मोडक्या आरशाची काच आणली, जिच्या मागचा पारा उडून गेला होता, आणि दोन डब्यांना टेकवून उन्हासमोर तिरकी उभी केली. पान तिच्यावर पालथं पसरलं. मागून आलेल्या उजेडात कोऱ्या बाजूवर रेघ दिसायला लागली, फिकट, पण पूर्ण. "डावा पान वाचणाऱ्याचा, सरांनीच लिवल्यानी हा," ती म्हणाली आणि कानामागची पेन्सिल काढून त्या कोऱ्या पानावर रेघेवरून रेघ ओढायला लागली. विहीर सतराशेवर आली. खाली तिने आकड्यांची पट्टी आखली. पलीकडे बाबांची आकृती होती तशीच राहिली. "चाळीस आसत? आज पंधरा तरी होतली. बसा. आये, भजी घाल."

आम्ही बसलो. काच मी धरली, ऊन सरकेल तशी सरकवत राहिले. एक भांडं विसळायचं राहिलं म्हणून राधाबाई तिला दोनदा ओरडली आणि दोन्ही वेळा भांडं स्वतःच विसळलं. सातव्या आकृतीवर शेवंती थांबली. पेन्सिल दातांत धरून तिने मजकूर वाचला, मग मला समजावून सांगायला लागली, न विचारताच, बोलता बोलता शाळेतल्या मराठीवरून आपल्या बोलीवर येत: हो खड्डो हंयसर कित्याक सरकलो, शेजारी कोण बसलो म्हणान सरकलो. ती भरभर बोलत होती आणि तिच्या सुरात कुठेतरी, 'म्हणजेच'च्या जागी, आवाज वर जात होता. मला तो आवाज ऐकायला बरं वाटत होतं. मी रस्त्याकडे बघत होते. पलीकडच्या झाडाखाली एक म्हैस उभी होती आणि तिच्या पाठीवर ऊन हलत होतं.

"कळला?" तिने विचारलं.

ओठांवर शब्द आला होता. तो किती सहज आला होता ते मला जाणवलं.

"नाही," मी म्हटलं. "मी ऐकत नव्हते. परत सांग."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग मी बघत होते त्या म्हशीकडे पाहिलं. "थंय काय बघतास? हंयसर बघा," ती म्हणाली आणि काच माझ्याकडे वळवली.

मी मान खाली घातली आणि बघितलं.